टिकलीचं दूध

केरबाला माणसांपेक्षा मेंढरं बरी कळतात, असं त्याची बायको कस्तुराबाई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही. दारात पाहुणा आला तर 'या, बसा' म्हणायच्या आधी हा त्याच्या हातातली काठी कुठल्या लाकडाची आहे ते पाहायचा. लग्नाला गेला की मांडवात बसायचं सोडून मांडवामागं बांधलेल्या बोकडापाशी उकिडवा बसलेला सापडायचा. बाई बोलून बोलून थकली आणि एका उन्हाळ्यात गेली. केरबा होता तसाच राहिला.

पाचोडच्या पलीकडं वस्तीवर त्याचा कळप होता. सडक ओलांडायला लागला की एस्टी खोळंबायची आणि कंडक्टर खिडकीतून शिव्या द्यायचा, एवढा मोठा. ज्या वर्षी पाचोडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी त्या सरपणाला तोडल्या, त्या वर्षी हा कळप गेला. विकला म्हणायचं आपलं, पण ज्या भावात गेला त्याला विकणं म्हणत नाहीत. मग पोरगा रामहरी म्हणाला, 'आबा, इथं काय उरलंय आता,' आणि सगळे औरंगाबादला आले. तेव्हा नाव औरंगाबादच होतं, पुढं संभाजीनगर झालं. नळाला पाणी यायची वाट मात्र दोन्ही नावांच्या शहरात सारखीच पाहावी लागली.

उस्मानपुऱ्याच्या मागं, नाल्याच्या कडेला, एक पत्र्याची खोली मिळाली. रामहरी बिडकीनकडं नव्या कारखान्यांचे रुंद रस्ते होत होते तिथं रोजंदारीवर जायचा. ज्या रानात लहानपणी मेंढरं बसवली तिथंच आता खडी पसरायची, पण पोटाला रान काय आणि खडी काय. सून सत्यशीला क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. केरबाकडं दोन जीव सांभाळायला होते. एक नात, सुकेशनी. दुसरी टिकली नावाची शेळी, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. गेलेल्या कळपातल्या शेवटच्या शेळीचं हे पिल्लू. शेजारीपाजारी वासाच्या नावानं बोंब मारायचे, केरबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

सुकेशनी हाकेला वळायची नाही. पाच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. कुणी जवळ घेतलं तर अंग आखडून घ्यायची, डोळ्यांत पाहायची नाही, आणि पत्र्यावर काठी वाजली तर कान दाबून किंचाळायची. सुरुवातीला बाहेरचं पाहिलं, बिरोबाला नवस बोलून झाले, मग एका केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा ऑटिझम आहे, पोर स्वमग्न आहे. रामहरीनं विचारलं, 'यावर गोळी कोणती?' डॉक्टर म्हणाले, गोळी नाही. शिकवत राहायचं.

तिच्या खाण्याचीही तीच तऱ्हा. या पोरीनं जन्मात एकच अन्न धरलं होतं. टिकलीचं धारोष्ण दूध, फेसासकट, तिच्या स्वतःच्या पेल्यात, आणि त्यात कुस्करलेली बाजरीची भाकर. पिशवीचं दूध वासावरून ओळखायची आणि पेला भिरकावून द्यायची. वरण, भात, केळं, बिस्कीट, सगळ्याला नाही. सांजसकाळ पेला घेऊन ती आपणहून टिकलीपाशी जायची आणि केरबाच्या हाताखाली धरून उभी राहायची. साऱ्या जगाकडं तिनं मागितलेली ही एवढीच गोष्ट होती. पेल्यात धार वाजायला लागली की ती त्या आवाजाकडं मान कलती करून ऐकायची, आणि केरबा मुद्दाम सावकाश पिळायचा.

केंद्रात एक दिवस पालकांची बैठक भरली. तिथं प्रेरणा नावाची मुलगी आली होती, शहरातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी. बिडकीनच्या शेतकऱ्याची लेक. बापाची जमीन कारखान्यांत गेली, आलेल्या पैशातून पोरगी शिकली. बोलायला नम्र, पण बोलता बोलता हात फार हलवायची. ती म्हणाली, आपल्या आतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतू राहतात, चांगले आणि वाईट. त्यांचा आणि मेंदूचा काही संबंध असावा असं जगभर पाहिलं जातंय. स्वमग्न मुलांच्या पोटातले जंतू इतर मुलांपेक्षा वेगळे असतात का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी मुलांची शी हवी होती.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. रामहरी हसला नाही. तो उभा राहिला.

"ताई, पोट नीट झालं तर पोरगी बोलंल का?"

"तसं आत्ता सांगता येणार नाही, दादा. आत्ता आपण फक्त बघतोय."

सांगता येणार नाही, असं प्रेरणा स्पष्ट म्हणाली होती. यात तिचा काही दोष नाही. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि कान तर मुळीच नसतात. रामहरी घरी आला तो 'पोटाचा विलाज निघालाय' असं सांगत आला. सत्यशीलानं त्या दिवशी देवापुढं भंडारा उधळला. केरबालाही आत कुठंतरी हाव सुटली होती. मरायच्या आधी एकदा 'आबा' ऐकावं, एवढीच. ती त्यानं कुणाला सांगितली नाही, कारण असल्या गोष्टी तोंडावाटे काढल्या की दृष्ट लागते.

नमुना घ्यायची पद्धत प्रेरणानं नीट समजावली. एक डबी, झाकणालाच चमचा. एक थर्माकोलचा डबा, त्यात गोठवलेल्या पाण्याची निळी प्लास्टिकची वीट. शी झाली की चमचाभर डबीत, डबी विटेला टेकवून डब्यात, आणि डबा तडक प्रयोगशाळेत. ज्यांच्याशी तुलना करायची ती धडधाकट मुलं प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून असलेल्या शाळेतली होती. त्यांच्यापाशी प्रयोगशाळेचा माणूसच उभा राहायचा आणि डबी हातोहात गोठवणपेटीत जायची. केंद्रातली मुलं परक्या संडासात बसणारी नव्हती, म्हणून त्यांचे नमुने घरून यायचे. आता हा फरक कुणाला खटकायला हवा होता म्हणाल तर हवा होता. पण तेव्हा तो सोयीचा वाटला, आणि सोयीची गोष्ट कोण खोडून काढतं?

चैत्र संपत आला होता. पत्र्याची खोली सकाळीच तव्यासारखी व्हायची. रामहरी बिडकीनला गेलेला, सत्यशीला मेसमध्ये, आणि सुकेशनीनं कार्यभाग उरकला. केरबानं डबी भरली. जन्मभर मेंढरांच्या लेंड्या गोळा केलेल्या माणसाला त्यात कसली शिसारी? 'नातीनं आबाला परत जुन्या कामाला लावलं,' असं तो टिकलीला म्हणालासुद्धा. डबी ठेवायला त्यानं थर्माकोलचा डबा उघडला, आणि सुकेशनीनं झडप घालून ती निळी वीट उचलली.

तिनं ती गालाला लावली. मग दुसऱ्या गालाला. मग कपाळाला. तिचे खांदे उतरले, हाताची चाललेली फडफड थांबली, आणि ती केरबाच्या शेजारी येऊन बसली. नुसती बसली नाही, तर तिनं पाठ त्याच्या गुडघ्याला टेकली. अंगाला बोट लागू न देणारी पोर! केरबा हललासुद्धा नाही. गुडघ्याला मुंग्या आल्या तरी पाय काढला नाही.

आता वीट हिसकायची कशी? आणि डबी तरी ठेवायची कुठं? खोली एकच, खोलीत बिरोबाचा देव्हारा, भंडाऱ्याची वाटी, कस्तुराबाईचा टाक. देवाच्या अंगावर शीची डबी ठेवायची ही काही रीत नव्हे. शेवटी पोर जराशी बाजूला सरकली तेव्हा त्यानं डब्यासकट डबी बाहेर नेली, टिकलीच्या खुंटापाशी भिंतीच्या सावलीला ठेवली आणि वर घोंगडी टाकली. घोंगडीनं ऊन लागत नाही, हे त्याला बापजाद्यापासून ठाऊक होतं. सावली सरकते, हेही ठाऊक होतं, पण तेव्हा त्याचं लक्ष तिकडं नव्हतं. सुकेशनी विटेला गाल लावून झोपी गेली होती आणि तो तिच्या श्वासाकडं पाहत बसला होता.

दुपार कलली तेव्हा तिनं वीट टाकून दिली. आतलं पाणी कोमट झालेलं. केरबानं वीट डब्यात घातली, डबा काखोटीला मारला आणि चालत प्रयोगशाळा गाठली. दारातल्या माणसानं डबी घेतली, तिच्यावर आकडा चिकटवला आणि आत नेली. किती वेळ झाला, वीट थंड आहे का, कुणी काही विचारलं नाही. पोचती झाली ना? मग झालं.

काही आठवड्यांनी केंद्रात पुन्हा बैठक झाली. प्रेरणानं पडद्यावर रंगीत पट्टे दाखवले. शाळेतल्या मुलांचे पट्टे निराळे, या मुलांचे निराळे. यांच्या पट्ट्यांत लाल रंग सगळीकडं माजलेला. लाल म्हणजे वाईट जंतू, असं पालकांनी आपलं आपण ठरवून टाकलं. प्रेरणा दोनदा म्हणाली की हे पहिलं पाऊल आहे, पुन्हा तपासावं लागेल. पण तिच्या शेजारी केंद्राच्या आहाराच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी कुठंकुठं वाचलेलं होतं. त्या म्हणाल्या, तपासणी होत राहील, तोवर मुलांचं नुकसान कशाला? दूध आणि गहू बंद करून पाहा. बऱ्याच जणांना गुण येतो.

सुकेशनी गव्हाला शिवतच नव्हती. म्हणजे राहिलं दूध.

पहिल्या दिवशी केरबानं धार काढली नाही. पोर पेला घेऊन आली, टिकलीपाशी उभी राहिली, वाट पाहिली. मग तिनं केरबाचं मनगट धरून शेळीच्या आचळाकडं ओढलं. मग किंचाळायला लागली, स्वतःच्या हाताला कडकडून चावली, रक्त आलं. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं द्या हो पाजून, कुणी म्हणालं आता मऊ पडलात तर सगळं मुसळ केरात. सल्ला फुकट मिळतो तो भाग आपल्याकडं कधीच दुष्काळी नव्हता.

दोन दिवस असे गेल्यावर केरबानंच तोंड उघडलं. रात्री जेवताना नव्हे, सकाळी, सून कामाला निघाली असताना.

"सत्यशीला, असं नाय व्हायचं. शेळी समोर हाये तवर पोर तुटायची नाय."

"मंग काय करावं म्हंता, मामा?"

"कोकराचं दूध तोडताना काय करतात? आचळाला शेण लावतात. तरी नाय ऐकलं तर मायीला दुसऱ्याच्या कळपात नेऊन सोडतात, लांब. डोळ्यापुढून गेली, आवाज बंद झाला, की कोकरू दोन-चार दिस वरडतंय आन मंग गवताला तोंड लावतंय. म्या शेकड्यानं तोडलेत."

"ती काय कोकरू हाये का, मामा?"

"जीव तसाच असतोय पोरी. भुकेपुढं समदे सारखेच."

सत्यशीला दारात जरा घुटमळली. तिला हे पटलं नव्हतं, पण मेसमध्ये उशीर झाला तर मालक दारातूनच परत पाठवायचा. 'तुमी म्हंता तसं करा,' म्हणून ती गेली. केरबानं हे आयुष्यभराच्या शहाणपणातून ठरवलं होतं, यात शंका नाही. माणूस चुकतो तेव्हा बहुतेक आपल्याला सगळ्यांत चांगलं जे येतं तिथंच चुकतो.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी त्यानं टिकलीला नेलं. व्यापाऱ्याला दाखवायचा जीव झाला नाही. जुना सोबती धोंडिबा, ज्याच्याबरोबर उभं तारुण्य रानात काढलं, तो बाजारात भेटला. त्याच्याकडं अजून चार शेळ्या तगून होत्या. केरबा म्हणाला, 'ठीव तुझ्यापाशी. दूध तुझं. फकस्त शहराच्या बाजूला आणू नको.' धोंडिबानं विचारलं नाही काय झालं म्हणून. दुष्काळात कुणी कुणाला जनावर देत असेल तर विचारायचं नसतं.

सुकेशनी रिकाम्या खुंटापाशी पेला घेऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी ओरडली, दुसऱ्या दिवशी ओरडली. तिसऱ्या दिवशी गप्प झाली, आणि पेला तिनं खुंटापाशीच सोडून दिला. केरबाला बरं वाटलं. 'तुटायलीय,' तो सुनेला म्हणाला. कळपात असंच व्हायचं, आधी आरडाओरड, मग गप्प, मग गवत. त्यानं भाकरी मऊ करून ठेवली, केळी आणली, नाचणीची पेज केली. पोरीनं कशाकडं पाहिलं नाही.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं ज्यानं त्यानं सांगितलं. भूक लागली की खाईल, असं आहाराच्या बाई फोनवर म्हणाल्या. पोरीला भूक लागत असेलही, पण ती भूक आणि ताटातलं अन्न यांची ओळखच नव्हती, त्याला ती काय करणार? घोट घोट पाणी प्यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. पोट पाठीला लागलं. एक दिवस सत्यशीला कामावरून आली आणि तिला पोर उठवताच येईना. रामहरीला बिडकीनहून बोलावलं, रिक्षात घातली, दवाखान्यात नेली.

वाचली. नाकातून पोटात नळी घातली तेव्हा वाचली. बरेच दिवस ठेवून घेतल्यावर डॉक्टरांनी नळीसकट घरी सोडली. सत्यशीलाला पिचकारीनं अन्न कसं घालायचं ते शिकवलं. पातळ, गाळलेलं, कोमट, हळूहळू. दुपारचं घालायला ती सकाळच्या पोळ्या आणि संध्याकाळच्या पोळ्या यांच्या मध्ये धावत यायची, पोरीला मांडीवर घेऊन नळीत पेज सोडायची आणि धावत परत जायची. नळीतून घालताना सुकेशनी विरोध करायची नाही. पूर्वी अंगाला हात लागला तरी किंचाळणारी पोर आता कुणी काहीही केलं तरी पडून राहायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, शांत झाली हो. सत्यशीलानं एकदा ते ऐकून पिचकारी भिंतीवर फेकून मारली होती.

मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरड्याच चालल्या होत्या. अशा एका दुपारी प्रेरणा खोलीचा पत्ता शोधत आली. केरबा दारात बसला होता. तिनं आत पाहिलं, पोर पाहिली, नाकातली नळी पाहिली, आणि हात हलवत बोलणारी ती मुलगी हात मांडीवर ठेवून उंबऱ्यावरच बसली. पालकांना स्वतः जाऊन सांगायचं तिनं ठरवलं होतं. केंद्रातून फोन लावून मोकळी झाली असती तरी कुणी तिला विचारलं नसतं.

"आबा, ते पट्टे दाखवले होते ना मी, ते चुकीचे होते."

"कोनते?"

"लाल पट्टे. तुमच्या मुलांच्या पोटात वाईट जंतू जास्त आहेत म्हणून दाखवले ते."

मग तिनं सावकाश सांगितलं. दुसऱ्यांदा तपासताना तिला शंका आली. तिनं एकाच धडधाकट मुलाच्या नमुन्याचे तीन भाग केले. एक लगेच गोठवला. एक, जंतू आहेत तसेच राहावेत म्हणून, औषधाच्या पाण्यात ठेवला. एक तसाच उकाड्यात दिवसभर बाहेर ठेवला. गोठवलेला आणि औषधातला जवळपास सारखे निघाले. बाहेर ठेवलेल्यात लाल जंतू माजलेले, अगदी केंद्रातल्या मुलांसारखे. शाळेतल्या मुलांच्या डब्या भिंतीपलीकडून थेट गोठवणपेटीत आल्या होत्या. केंद्रातल्या मुलांच्या डब्या शहरभरातून, उन्हातून आल्या होत्या. त्या वाटेवर डबीतच जंतू वाढले होते. त्यात भर म्हणजे शाळेचे नमुने झाल्यावर, मोजण्याआधी जंतू फोडायचं रसायन बदललं होतं. नव्या रसायनानं जाड कातडीचे जंतू फुटतच नव्हते, त्यामुळं ते मोजण्यात आलेच नाहीत.

केरबा ऐकत राहिला. त्याला सगळं कळलं असं नाही, पण मोजणी त्याला कळत होती.

"म्हंजी येक कळप सकाळी मोजला आन येक दुपारी," तो म्हणाला. "आन म्हनला कळपच येगळे."

"हो आबा. तसंच."

"आमच्या डबीचं सांगू का, ताई? ती ईट पोरीनं घेतली व्हती. गालाला लावून निजली. म्या काढून नाय घेतली. डबी भाईर राह्यली, सांजंपत्तोर." त्यानं मान वर केली. "मंग म्या बिघडवलं म्हना की."

प्रेरणानं मान हलवली. "नाही आबा. तुमची एकट्याची असती तर कळलंही नसतं. सगळ्यांच्याच तशा आल्या. कुणाची रिक्षा मिळाली नाही, कुणाची वीट नीट गोठलीच नव्हती. आम्हीच विचारायला हवं होतं. आम्ही विचारलं नाही."

केरबाला यानं बरं वाटलं नाही. आपलं चुकलं असतं तर निदान एका चुकीवर एक माणूस तरी बसवता आला असता. इथं चूक एवढ्या घरांत वाटली गेली होती की कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नव्हती.

"मंग दूध?" त्यानं विचारलं. "दूध वाईट व्हतं का नव्हतं?"

"दुधाचं आम्हाला काहीच माहीत नाही, आबा. चांगलं का वाईट. या कामातून तेवढं कळतच नाही. आधीही कळत नव्हतं."

"आन ती बोलायचं?"

"तेही नाही."

तिचे डोळे भरून आले होते. केरबानं तिला पाणी दिलं. हंड्यात तळालाच उरलं होतं आणि नळ परवा यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामाला गेल्यावर तो काठी घेऊन उठला, शेजारणीला पोरीकडं बघायला सांगितलं आणि सुनेला निरोपही न ठेवता पाचोडची एस्टी धरली.

धोंडिबाची वस्ती पाचोडपासून आडबाजूला. जाताना दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागांची खोडं उभी होती, नव्यानं लावून पुन्हा वाळलेली. धोंडिबा शेरडं कोंडायच्या जाळीला टेकून बसला होता. चारपैकी दोन शेळ्या राहिल्या होत्या, आणि टिकली. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. पण कासेत थोडकं दूध होतं.

"बरं झालं आलास," धोंडिबा म्हणाला. "छावनीत गाय-बैल घेत्यात, शेरडाला कोन इचारतंय? म्या बाजार दावायच्या इचारात व्हतो. तुही म्हनून ठिवली."

टिकलीनं केरबाला ओळखलं होतं आणि ती त्याच्या धोतराला तोंड लावत होती. कडब्याच्या एका टेम्पोवाल्यानं दोघांना मागं बसवून शहरापर्यंत आणलं. वाटेत केरबानं कडब्याची दोन ताटं उपसून शेळीला चारली. टेम्पोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि नजर पुन्हा सडकेवर नेली.

संध्याकाळच्या आधीच तो घरी पोचला. सत्यशीला मधल्या वेळात आलेली होती, पोरीला भिंतीला टेकवून बसवत होती. खुंटापाशी पडलेला पेला तिनं कधीच धुऊन फळीवर ठेवला होता. केरबानं तो घेतला. टिकलीला दारातच धरली आणि पिळायला बसला. आधी धार येईना. मग आली, बारीक, पेल्याच्या तळावर वाजली. तो मुद्दाम मोठ्यानं वाजेल अशी सोडत होता. सुकेशनीनं मान कलती केली नाही.

टिकलीच मग पुढं झाली. तिनं दोरी ताणून आत तोंड घातलं, पोरीचे पाय हुंगले, हाताला नाक लावलं. सुकेशनीनं हात काढून घेतला. भीतीनं नाही, रागानं नाही, कुणीही हात लावला असता तर काढला असता तसाच.

केरबा पेला घेऊन तिच्यासमोर बसला. अर्धाही भरला नव्हता, पण वर फेस होता आणि वाफ होती. त्यानं पेला तिच्या नाकापाशी धरला, मग ओठांना टेकवला. तिनं ओठ मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं वळवलं. पेज, केळं, भाकर, सगळ्याला वळवायची तसंच. त्यानं दुसऱ्या बाजूनं धरला. तिनं पुन्हा वळवलं. पेल्यातलं दूध त्याच्या हातावर सांडलं.

"पी गं माय," तो म्हणाला. "टिकलीचं हाये. तुह्या टिकलीचं." मग तो रडला. बायको गेली तेव्हा आणि कळप गेला तेव्हाही न रडलेला माणूस सुनेसमोर, उघड्या दारात, ओक्साबोक्शी रडला. "म्या तोडली. म्या आपल्या हातानं तोडली हिला. शेकड्यानं तोडलेत म्हनत व्हतो."

सत्यशीलानं त्याच्या हातातून पेला घेतला. बोलण्यासारखं फार होतं, पण तिला कामावर परत जायचं होतं. तिनं दूध पातेलीत ओतलं, पाणी घालून उकळलं, फेस काढून टाकला, फडक्यातून गाळलं, पिचकारीत भरलं आणि कोमट होईपर्यंत हातात धरून बसली. मग पोरीला मांडीवर घेतलं आणि नळीचं झाकण उघडून हळूहळू सोडायला लागली.

दूध नळीतून खाली जाताना दिसत होतं. सुकेशनी भिंतीकडं पाहत होती. ते टिकलीचं आहे, हे तिला कळायला कुठलाच मार्ग नव्हता.